शाळा सुटल्यावरचे गुरुजी : साने गुरुजींचं खरं काम घंटा झाल्यावर सुरू व्हायचं

संध्याकाळचे पाच वाजतात. शाळेची घंटा होते. पोरं दप्तर पाठीला मारून घराकडे पळतात. पण कापूस वेचणीच्या दिवसांत बऱ्याच घरांना कुलूप असतं. आई वेचणीला, बाप रानात, आजी असली तर ओट्यावर. दिवेलागण होईपर्यंत दीड-दोन तास पोराला विचारणारं कोणी नसतं. मग कुणी पाटाच्या पाण्यावर जातं, कुणी टपरीजवळ उभं राहतं, आणि घरात मोबाइल असेल तर पाच-सहा डोकी त्याच्याभोवती गोळा होतात. मुलींचं वेगळंच. त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं येतं आणि पुढे भांडी.

या दीड-दोन तासांचं काय करायचं, हा प्रश्न मोबाइलमुळे आला असं आपल्याला वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्याच खानदेशात, अमळनेर गावात, एका मास्तराने हा प्रश्न मनावर घेतला होता. त्या मास्तराचं नाव पांडुरंग सदाशिव साने. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखतो.

'श्यामची आई' लिहिणारे गुरुजी सगळ्यांना माहीत आहेत. पंढरपूरच्या उपोषणाचे गुरुजीही माहीत आहेत. पण त्यांची शाळेतली नोकरी जेमतेम सहा वर्षांची होती, आणि त्या सहा वर्षांतलं त्यांचं सगळ्यात मोठं काम वर्गात नाही, तर शाळा सुटल्यावर झालं, हे फार कमी जणांच्या लक्षात आहे.

पालगडचं पोर

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. गाव पालगड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. घराणं खोताचं. एके काळी बरं चाललेलं, पण पुढे भाऊबंदकी आणि कर्ज यांनी पोखरलेलं. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई.

घरात पैसा नव्हता, पण पोरगं शाळेबाहेर काय करतं, कुणाबरोबर खेळतं, यावर आईची बारीक नजर होती. 'श्यामची आई'त पोहण्याची गोष्ट आहे. गावातली पोरं विहिरीवर पोहायला जायची. श्याम पाण्याला भ्यायचा म्हणून लपून बसला. आईने त्याला शोधून काढलं, शिमटीचे फटके दिले आणि विहिरीवर पाठवलं. आपल्या पोराला कुणी भित्रा म्हणू नये, एवढंच तिला हवं होतं. पोरगं पोहून आलं तेव्हा तिनेच त्याला मायेने जेवू घातलं.

दुसरी गोष्ट फुलांची. गावातल्या पोरांत चढाओढ लागायची, कोण जास्त फुलं आणतो. म्हणून पोरं उमलायच्या आधीच कळ्या खुडून न्यायची. कळी झाडावरच फुलू द्यावी, हे आईने श्यामला समजावलं. ना पुस्तक, ना फळा. पोराच्या खेळात, सुट्टीत, हुंदडण्यात आई बरोबर होती, आणि शिकवणं तिथंच होत होतं.

परगावी राहण्याचे हाल

पालगडला पुढची शाळा नव्हती. पांडुरंगाला शिकायला दापोलीला जावं लागलं. घरची परिस्थिती ढासळत गेली तसं ते शिक्षणही जड झालं. पुढे गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असं ऐकून तो औंध संस्थानात गेला. तिथे प्लेगची साथ आली आणि परत फिरावं लागलं. मग पुणे. तिथे कधी कुणाच्या आधाराने, कधी अर्धपोटी राहून त्याने नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक केलं.

याच काळात, १९१७ साली, आई गेली. शेवटच्या घडीला पोरगं तिच्याजवळ नव्हतं. ही सल गुरुजींना आयुष्यभर राहिली.

परगावी शिकणाऱ्या पोराला संध्याकाळी काय वाटतं, हे त्यामुळे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शाळा असते तोवर बरं असतं. शाळा सुटली, दिवे लागले, लोकांच्या घरांतून भाकरीचा वास यायला लागला की घर आठवतं. हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता.

पुण्यात न्यू पूना कॉलेजात, म्हणजे आजच्या स. प. महाविद्यालयात, त्यांनी पदवी घेतली. तत्त्वज्ञानाचा पुढचा अभ्यास करायला ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. उद्योगपती प्रताप शेठ यांच्या मदतीने उभी राहिलेली ही संस्था. पण पुस्तकातल्या तत्त्वज्ञानात त्यांचं मन फार रमलं नाही.

सात तास शाळेचे, सतरा तास कुणाचे?

१९२४ साली अमळनेरमध्येच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते शिक्षक म्हणून लागले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून नावाला आली. शिक्षक म्हणून ते मुलांना आवडायला लागले. काही काळाने शाळेच्या छात्रालयाची, म्हणजे वसतिगृहाची, जबाबदारी त्यांच्याकडे आली.

त्या वेळची परिस्थिती लक्षात घ्यायला पाहिजे. खेड्यात फार तर प्राथमिक शाळा असायची. पुढे शिकायचं तर तालुक्याच्या किंवा मोठ्या गावी राहायचं. खानदेशातल्या खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरं अमळनेरला येऊन छात्रालयात राहायची. बहुतेक जण पहिल्यांदाच आईपासून लांब आलेले. शाळेचे तास धरले तर दिवसातले सहा-सात. राहिलेल्या सतरा तासांत पोरगं जेवतं, खेळतं, भांडतं, आजारी पडतं, रडतं, झोपतं. त्या सतरा तासांना वाली कोण?

वसतिगृहाचा प्रमुख म्हटला की हातात छडी, हजेरीची वही आणि दाराशी पहारा, असंच चित्र असायचं. गुरुजींनी ते बदललं.

पोरांच्या खोल्यांत केर पडलेला असायचा. गुरुजी कुणाला न बोलता झाडू घेऊन खोली झाडायचे. कंदिलाच्या काचा काजळून गेलेल्या असायच्या, त्या पुसून ठेवायचे. कुणाचे मळके कपडे कोपऱ्यात टाकलेले दिसले तर ते धुऊन वाळत घालायचे. विस्कटलेली पुस्तकं नीट लावून ठेवायचे. पोरं शाळेतून किंवा खेळून परत आली की खोली लख्ख. पहिल्यांदा पोरांना गंमत वाटायची, मग लाज वाटायची, आणि मग पोरं स्वतःच झाडू हातात घ्यायची. स्वच्छतेवर भाषण न देता आलेली ही शिस्त होती.

कुणी तापाने फणफणला तर रात्रभर उशाशी बसणारे गुरुजीच. डोक्यावर पट्ट्या ठेवणं, पाणी पाजणं, पाय चेपणं, काहीच त्यांना कमीपणाचं वाटायचं नाही. आई नाही तिथं आईचं काम कुणीतरी केलंच पाहिजे, एवढा साधा हिशेब. कुणाकडे फी नाही, कुणाला वह्या नाहीत, अशा वेळी पगारातला पैसाही पोरांकडेच जायचा.

आणि गोष्टी. गुरुजींना गोष्ट सांगायची विलक्षण हातोटी होती. रामायण-महाभारत, संतांची चरित्रं, परदेशातल्या थोर माणसांच्या हकिकती, आणि स्वतःच्या लहानपणचे प्रसंग. ऐकणाऱ्याला कळायचंही नाही की आपण काही शिकतोय.

हाताने लिहिलेलं रोजचं वर्तमानपत्र

पोरांना वाचायची गोडी लागावी म्हणून गुरुजींनी जी युक्ती केली ती आजही कुणालाही करता येईल. त्यांनी छात्रालयातच रोजचं वर्तमानपत्र काढलं. छापलेलं नाही, हाताने लिहिलेलं. त्याचं नाव 'छात्रालय दैनिक'.

पहाटे सगळे झोपेत असताना गुरुजी उठायचे आणि कंदिलाच्या उजेडात पानं लिहून काढायचे. देशात काय चाललंय, जगात काय झालं, एखाद्या थोर माणसाची माहिती, एखादी गोष्ट, आणि छात्रालयातल्या घडामोडीसुद्धा. पोरं उठली की अंक तयार. आपल्यासाठी कुणीतरी झोपमोड करून हे लिहिलंय, हे पोरांना दिसत होतं. म्हणून ती वाचत होती.

घरी वर्तमानपत्र न येणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांना जगाची खिडकी अशी उघडली गेली. पुढे १९२८ साली गुरुजींनी 'विद्यार्थी' नावाचं मासिक सुरू केलं. छात्रालयाच्या चार भिंतींत जे चाललं होतं ते त्यातून बाहेरच्या पोरांपर्यंत गेलं.

या कामाला मर्यादाही होती, ती सांगायला पाहिजे. छात्रालय मुलांचं होतं. मुलींना त्या काळी हायस्कूलपर्यंत पोचणंच अवघड, मग वसतिगृह लांबच राहिलं. आणि दुसरं म्हणजे हे सगळं एका माणसाच्या जिवावर चाललेलं होतं.

छात्रालय सुटलं, पोरं सुटली नाहीत

१९३० साली गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उडी घेतली. सहा वर्षं ज्या पोरांना आईसारखं सांभाळलं त्यांना सोडून जायचं, हे सोपं नव्हतं. पण पोरांना देशाच्या गोष्टी सांगायच्या आणि वेळ आली की आपण मागे राहायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

मग तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडचे सत्याग्रही भेटले. आपल्याच देशातल्या माणसांची भाषा आपल्याला येत नाही, याची खंत त्यांना तिथं वाटली. 'आंतरभारती'च्या कल्पनेचं बी तिथलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. ती लिहून घेणारा हात साने गुरुजींचा होता. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यामुळे आपल्या हाती आलं.

फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत, त्यांनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग लिहून काढला. या पुस्तकाची मांडणी बघण्यासारखी आहे. त्यात प्रकरण पहिलं, दुसरं असं नाही. रात्र पहिली, रात्र दुसरी असं आहे. दिवसभराची कामं उरकली की आश्रमातली मंडळी जमतात आणि श्याम आईची एक आठवण सांगतो. दुसऱ्या रात्री पुन्हा सगळे जमतात. अशा बेचाळीस रात्री. म्हणजे मराठीतलं घराघरात पोचलेलं हे पुस्तक काम संपल्यावरच्या, झोपायच्या आधीच्या गोष्टींच्या वेळेतूनच उभं राहिलंय. छात्रालयातली संध्याकाळ गुरुजींनी तुरुंगात नेली आणि कागदावर उतरवली.

'धडपडणारी मुले' या कादंबरीतही छात्रालयाचेच दिवस आहेत. लहान मुलांसाठी 'गोड गोष्टी' त्यांनी लिहिल्या. परदेशातल्या मोठमोठ्या कादंबऱ्या सोप्या मराठीत आणून खेड्यातल्या पोरांना दिल्या. पुतणीला लिहिलेली पत्रं 'सुंदर पत्रे' म्हणून प्रसिद्ध झाली. छात्रालय सुटलं, तरी पोरांशी बोलणं थांबलं नाही.

मैदानावरची संध्याकाळ

एका माणसाच्या जिवावर चाललेलं काम तो माणूस गेल्यावर कसं चालायचं? याचं एक उत्तर राष्ट्र सेवा दलात सापडतं. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली सेवा दल नव्याने उभं राहिलं. गुरुजी या कामात मनापासून उतरले. गावोगाव फिरले, सेवा दलाच्या पोरांसाठी गाणी लिहिली.

सेवा दलाची शाखा म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगायला पाहिजे. शाळा सुटल्यावर संध्याकाळी मैदानावर तासभर जमायचं. कवायत, खेळ, गाणी, एखादी गोष्ट किंवा बातमीवर चर्चा. कोणत्याही जातीचं, कोणत्याही धर्माचं पोरगं चालेल. मुलीही चालतील. छात्रालयात जी जागा मुलींना नव्हती ती इथे झाली. आणि शाखा चालवायला मोठा पगारी माणूस लागत नव्हता. चार वर्षांनी मोठी झालेली मुलंच धाकट्यांना घेऊन बसायची. आज खेळायला आलेलं पोरगं उद्या शाखा घ्यायचं. काम एका माणसावर राहिलं नाही.

एका मैदानात हुतूतू खेळणाऱ्या पोरांना तिथं कुणाची जात दिसत नाही. पण त्यातल्याच काहींना पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात पाय ठेवायला बंदी होती. गुरुजींना हे सहन झालं नाही. त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केलं. शेवटी मंदिर दलितांना खुलं झालं.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं. पण स्वातंत्र्यानंतरचं वातावरण, गांधीजींची हत्या, माणसामाणसांतला द्वेष याने ते आतून खचत गेले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं. वय अवघं पन्नास. हजारो पोरांच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या मनातलं दुःख वेळेवर कुणाला हलकं करता आलं नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला आजही बोचते. दुसऱ्याला सांभाळणाऱ्या माणसालाही कुणीतरी विचारावं लागतं, हे त्यांच्या जाण्याने शिकवलं.

गुरुजी गेल्यावर गोष्ट थांबली नाही

गुरुजींच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली. कल्पना अगदी साधी. पोरांना एकत्र बसवायचं आणि चांगली गोष्ट सांगायची. परीक्षा नाही, गुण नाहीत. महाराष्ट्रात ठिकठिकाणी शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी ती चालवली. कितीतरी पोरांनी पाठ्यपुस्तकाबाहेरची पहिली गोष्ट कथामालेत ऐकली.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली 'श्यामची आई'वर चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णकमळ मिळालं. रायगड जिल्ह्यात वडघर इथे गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक उभं आहे. तिथे नुसता पुतळा नाही, मुलांची आणि तरुणांची शिबिरं भरतात. गुरुजींना साजेसं स्मारक तेच.

आपल्या गावात काय करता येईल?

शहरात पाळणाघरं आहेत, शाळेनंतरचे छंदवर्ग आहेत. त्यांना फी आहे. खेड्यात फी देणारे कमी आणि पोरं मोकळी. पण गुरुजींनी जे केलं त्याला फार पैसा लागला नव्हता. एक ठरलेली जागा होती, एक ठरलेली वेळ होती आणि रोज न चुकता तिथं हजर असणारा एक माणूस होता.

जागा गावात आहे. शाळेचा व्हरांडा आहे, समाजमंदिर आहे, मारुतीचा पार आहे. वेळही ठरलेलीच आहे, शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत. उरला माणूस. निवृत्त शिक्षक आहेत, बारावी झालेल्या आणि घरी बसलेल्या मुली आहेत, भजनी मंडळातले आजोबा आहेत, गोष्टींचं गाठोडं बाळगून बसलेल्या आज्या आहेत. त्यांतल्या एकाने सोमवार घेतला, दुसऱ्याने मंगळवार, तरी आठवडा भरतो. तासातला अर्धा वेळ खेळ, अर्धा वेळ गोष्ट किंवा वाचन. धाकट्या भावंडाला घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचं नाही, त्या भावंडालाही तिथंच बसवायचं. ज्याला भूक लागली असेल त्याला मूठभर शेंगदाणे-गूळ. पोरगं अंधार पडायच्या आत घरी पोचलं का, एवढं बघायचं.

मोबाइल हिसकावून घेतला की पोरगं रुसतं. त्याच्या हातात दुसरं काही दिलं तर मोबाइल आपोआप खाली ठेवला जातो. अमळनेरच्या छात्रालयात गुरुजींनी पोरांच्या हातातून काही हिसकावून घेतलं नव्हतं. पहाटे उठून लिहिलेला एक कागद त्यांच्या हातात दिला होता.

२४ डिसेंबरला गावोगाव गुरुजींच्या फोटोला हार घातला जाईल. शाळांतून त्यांची प्रार्थना म्हटली जाईल. कार्यक्रम सकाळी दहाला सुरू होईल आणि अकराला आटोपेल. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या व्हरांड्यात कुणीतरी पोरांना घेऊन गोष्ट सांगायला बसलं, आणि दुसऱ्या दिवशीही बसलं, तर गुरुजींची जयंती गावात खऱ्या अर्थाने साजरी झाली असं म्हणता येईल.